गाभ्यातला मावा

१

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फणसे फार्मवरच्या दोन नंबरच्या पॉलिहाऊसमध्ये सगळे ढालकिडे मेलेले आढळले. लाल पाठी खाली, काळे पाय वर, अशा थाटात ते लेट्यूसच्या वाफ्यांमध्ये पसरले होते. किड्यांच्या मृत्यूचा पंचनामा होत नाही. एरवी या हत्याकांडाची दखल केरसुणीपलीकडे कोणी घेतली नसती. पण हे किडे नोकरीवर होते. लेट्यूसवर मावा पडतो. मावा म्हणजे पानांचा रस शोषणारी हिरवी, मऊ, टाचणीच्या टोकाएवढी कीड. तो मावा खाण्यासाठी हे ढालकिडे मुद्दाम वाढवून सोडलेले होते, कारण फार्मच्या प्रत्येक खोक्यावर ‘विषमुक्त’ हा शब्द छापलेला होता. त्या शब्दावर विश्वास ठेवून मुंबईच्या खरेदीदारांनी करार केला होता, आणि त्याच शब्दावर विश्वास न ठेवता त्यांनी त्या सकाळी तोडलेल्या मालाची तपासणी करून घेतली. पानांवर कीटकनाशक निघाले.

अहवाल आला त्या दिवशीच मालक जनार्दनराव फणसे यांनी पॅकिंगच्या शेडमध्ये सगळ्या कामगारांसमोर गुन्हेगाराचे नाव घेतले: योगिनी दिघे, फार्मची पीकसंरक्षण अधिकारी. तिच्या किड्यांना मावा आवरेना, म्हणून तिने चोरून विष फवारले. मग त्यांनी मोहना पारसनीस यांना फोन केला.

मोहनाबाई कीटकशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापक. बडोद्यात त्यांच्या सहीला वजन होते. विद्वत्तेची समाजाला दोनच वेळा आठवण येते, उद्घाटनाला आणि सहीला, हे त्यांना चांगले ठाऊक होते. त्यांचे पती आनंदराव चैत्रात गेले. तेव्हापासून दाढेला सुई दिल्यावर गालाला हात लावावा तसे त्यांना सगळे लागत होते. स्पर्श कळे, पण गाल आपला वाटत नसे. लोक घरी येऊन रडून गेले. मोहनाबाईंनी त्यांना चहा दिला.

शहराबाहेर, वासण्याच्या पुढे सोसायट्यांच्या पाट्या संपून एरंडाची शेते सुरू होतात, त्या वळणावर जनार्दनराव स्वतः फाटकाशी उभे होते. पांढरा सदरा, पांढऱ्या मिशा, पाठ ताठ. त्यांच्या पणजोबांनी संस्थानाच्या बागा सांभाळल्या होत्या, आणि ते पणजोबा अजून त्यांच्या बोलण्यातून निवृत्त झाले नव्हते.

“या, मोहनाताई. आधी फार्म बघा, मग चहा. ही मोरी बघितलीत? इथं हात धुवा, अवजारं धुवा, थेंबही वाया जात नाही. सगळं पाणी जाळीतून गाळून त्या टाकीत, आणि टाकीतून दोन नंबरच्या फॉगरला. दुपारी ऊन तापलं की फॉगर आपोआप सुरू होतात, धुक्यासारखं पाणी पडतं, हवा गार. पणजोबा म्हणायचे, पाणी म्हणजे संस्थानाचा खजिना.”

“मुद्द्यावर येऊ,” मोहनाबाई म्हणाल्या.

“मुद्दा सरळ आहे ने. नवमीच्या दुपारी सगळे घरी गेले होते. मी फाटक बघायला म्हणून परत आलो, तर ही मुलगी पाठीवर पंप अडकवून दोन नंबरमध्ये शिरताना मी या डोळ्यांनी पाहिली. तुम्ही तेवढं शास्त्रीय भाषेत लिहून द्या. तिनंच केलं, आम्ही तिला काढलं, तिचा परवाना रद्द व्हावा अशी शिफारस. मुंबईवाले गप्प बसतील. शिवाय मुलगी तुमचीच विद्यार्थिनी, म्हणजे तुम्ही पक्षपात केलात असंही कोणी म्हणणार नाही.”

हे शेवटचे वाक्य त्यांनी उपकार केल्यासारखे उच्चारले. परवाना गेला की योगिनीला गुजरातेत कोणी कुंडीतल्या तुळशीलाही हात लावू देणार नव्हते, हे दोघांनाही माहीत होते.

दोन नंबरला त्या दिवसापासून कुलूप होते. मोहनाबाई आत गेल्या. मेलेले किडे त्यांच्याच जुन्या प्रयोगशाळेच्या वंशावळीतले होते. त्यांना काही वाटेल म्हणून त्या क्षणभर थांबल्या. काही वाटले नाही. त्यांनी एक घट्ट मिटलेला गड्डा कापला आणि दोन्ही हातांनी उघडला.

गाभ्यातला मावा जिवंत होता. लेकरेबाळे घेऊन, पानाला सोंडा लावून, निवांत जेवत होता. विष घालणाऱ्याने पहारेकरी तेवढे मारले होते आणि चोराला पंगतीला बसवले होते.

२

योगिनी रोपवाटिकेच्या सावलीत उलट्या क्रेटवर बसली होती. तिला फार्मवर यायला बंदी नव्हती. फक्त कशालाही हात लावायला होती.

“या मॅडम. सही इथेच करणार की घरी जाऊन?”

“आधी बघेन.”

“बघा. नवमीच्या दुपारी मी इथे एकटी होते, हे खरं आहे. नवे किडे सोडले, कुठल्या वाफ्यात मावा किती ते पाहिलं. फॉगर सुरू झाले तशी बाहेर आले, माझा चष्मा धुरकटतो. डबा खाल्ला. घरी गेले. संपलं.”

“पंप?”

“फार्मवर पंप एकच आहे, साबणाच्या पाण्याचा. त्यात दुसरं काही घालायचं नाही हा नियम मीच केला होता. आणि त्या दिवशी तो पूजेत होता. ऑफिसात, हार घालून. मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.”

“पानांवर काय सापडलं, ते वाचलंस?”

“वाचलं. स्पर्शविष. अंगावर पडलं तर किडा मरतो, नाही पडलं तर नाही. पानाच्या रसात ते उतरत नाही. गड्डा मिटल्यावर हे मारायचं म्हणजे दार लावून आत बसलेल्या माणसाला भिजवायला छपरावर पाणी ओतायचं. मला मावाच मारायचा असता तर गड्डा मिटायच्या आधी मारला असता, आणि पानाखालून. तुम्हीच शिकवलंत. त्याच प्रश्नाला नापास केलं होतंत मला.”

“अर्धे गुण दिले होते.”

“बरं, अर्धे.” ती हसली नाही. “मॅडम, घरी आईनं देव पाण्यात ठेवलेत. शेडमधल्या बायका मला बघून डब्याची झाकणं लावतात. आणि तुम्ही दूधवाल्याचा हिशेब विचारावा तसं विचारताय. तुम्हाला काही वाटतच नाही का?”

“सध्या नाही,” मोहनाबाईंनी खरे ते सांगितले. “त्याचा एक फायदा आहे. मला घाई होत नाही.”

योगिनी क्रेटवरून उठली. मग हलक्या आवाजात म्हणाली, “फणसेकाका खोटं बोलत नाहीत. सगळं बडोदं सांगेल. ते म्हणतात, त्यांनी मला पंपासकट पाहिलं. काल रात्रभर मी तेच आठवत होते, की मी खरंच उचलला होता का. मॅडम, माणूस असं करून विसरू शकतो का?”

मोहनाबाईंना तिच्या त्या प्रश्नात या प्रकरणातले सगळ्यात मोठे पाप दिसले. पानांवरचे विष धुतले जाते. हे जे तिच्या डोक्यात उतरले होते, ते रसात उतरणाऱ्या जातीचे होते.

३

जनार्दनरावांचा मुलगा नील विक्री बघत असे. त्याचे ऑफिस अलकापुरीत, काचेच्या दाराचे; दारावर लेट्यूसच्या गड्ड्याचे चित्र होते आणि आत कुठेही हिरवे पान नव्हते.

“काकू, मला सरळ सांगा. आपण वाचतो का?”

“आपण म्हणजे कोण?”

“ब्रँड.” त्याने लाजही वाटून घेतली नाही. “मी बाबांना पहिल्यापासून सांगत होतो, किडे सोडून किडे मारायचे हा धंदा नाही, ही भागवत कथा आहे. थोडं हलकं औषध मारा, मुदत पाळा, खोक्यावर ‘कमी रसायन’ लिहा. ऐकतात कुठे? सभा-संमेलनांत सांगून बसलेत ने, की फणशांच्या घरात विषाची बाटली येत नाही.”

“नवमीला तू कुठे होतास?”

“पूजेला. नाहीतर जातो कुठे? आमची खंडेनवमी तुम्हाला माहीत नाही. घरातलं, फार्मवरचं, झाडून सगळं हत्यार धुऊन एका ओळीत मांडायचं, आणि दसऱ्याचं सोनं लुटेपर्यंत कशालाही हात नाही. माझ्या लॅपटॉपला हळद-कुंकू! मुंबईचा मेल आला होता. मी नुसता लॅपटॉप उघडला, तर बाबा सगळ्यांसमोर ओरडले, ‘ठेव तो खाली, फणशांच्या घरात आज हत्यार उचलत नाहीत.’ मला, काकू. मी चाळिशीला आलो.”

“आणि योगिनीबद्दल तुझं मत?”

नीलने खिडकीतून खाली रस्त्याकडे पाहिले. “मुलगी चांगली होती. पण कोणीतरी लागतंच ना.”

हे वाक्य मोहनाबाईंनी मनात जपून ठेवले. शतकानुशतके ग्रंथांतून जे गोल गोल सांगितले गेले ते या मुलाने चहाच्या घोटासरशी सांगून टाकले होते.

फार्मवर परतल्यावर त्यांनी मुकादम सुभानरावांना गाठले. गोरव्याच्या एका कारखान्यात फिटर म्हणून जन्म काढून ते इथे आले होते, आणि किड्यांविषयीचा आपला तिरस्कार त्यांनी कधी लपवला नव्हता.

“कारखान्यात मशीन बिघडलं की तेल घालायचं. इथं किडा बिघडला की दुसरा किडा घालायचा! मी मालकांना कितीदा बोललो, जालीम काहीतरी मारा आणि मोकळे व्हा.”

“म्हणजे तुम्हीच मारलंत?”

“हॅ! मारलं असतं तर सांगितलं असतं, बेन. मिरवलं असतं.” ते खरेच दुखावले होते. “नवमीला सकाळी सगळ्यांनी अवजारं धुतली, पूजा झाली, पेढा खाल्ला, घरी जाऊन झोपलो. बायकोला विचारा. घोरत होतो.”

“दोन नंबरमधलं काही हलवलंत नंतर?”

“कुलूपच आहे. आत त्या टोकाचा वाफा तर अजून मोकळाच आहे, रोपं लावायची होती, राहिली.”

मोहनाबाई थांबल्या. मोकळा वाफा त्यांनी मघाशी ओलांडला होता, बघितला नव्हता. शिकलेली माणसे जिथे काही नाही तिथे बघत नाहीत. त्या पुन्हा आत गेल्या आणि त्या नुसत्या मातीवर वाकल्या.

तिथे मुंग्या मरून पडल्या होत्या. एकही रोप नसलेल्या मातीवर, आणि पलीकडच्या सिमेंटच्या वाटेवरही. खाली बसून त्यांनी शेजारच्या वाफ्यातल्या पानाची पालथी बाजू पाहिली. तिथे मावा धडधाकट होता. मेले होते ते फक्त उघड्यावरचे.

त्यांनी मान वर केली आणि छताखालून जाणाऱ्या नळ्यांकडे बराच वेळ पाहिले.

४

नयनाताई फणसे, जनार्दनरावांच्या पत्नी, पाहुण्याला रिकाम्या हाती जाऊ देणाऱ्यांतल्या नव्हत्या. बंगल्याच्या व्हरांड्यात ताट आले: खांडवी, वर खोबरे-कोथिंबीर, बाजूला घरचे लिंबाचे लोणचे. समोर गुलाबांचा ताटवा होता. एकेक फूल वाटीएवढे, आणि एकाही पानाला भोक नाही.

“घ्या ने, मोहनाताई. आनंदभाऊजींना किती आवडायची.”

“हो,” मोहनाबाई म्हणाल्या आणि खाल्ली. ती गार आणि मऊ होती, यापलीकडे त्यांना काही कळले नाही. “गुलाब सुंदर आहेत.”

“यांचा जीव आहे त्यांच्यावर. माझ्यापेक्षा जास्त. मला कधी विचारलं नाही जेवलीस का म्हणून, पण गुलाबाला रोज सकाळी विचारतात.” त्या हसल्या. “प्रदर्शनात दरवर्षी नंबर येतो. यांचं म्हणणं, नुसतं कडुलिंबाचं पाणी.”

“आणि तुमचं म्हणणं?”

“माझं काय म्हणणं असणार? मी स्वयंपाकघरातली.” पण त्यांनी ताटव्याकडे पाहिले नाही.

“नवमीची पूजा यंदा मोठी झाली म्हणे.”

“अहो, दरवर्षीच. इथलं सामान उचलून फार्मवर न्यायचं. ओळ तुटता कामा नये, हा यांचा हट्ट, सासऱ्यांचाही हाच. माझे हार करता करता हात दुखले. तराजूला हार, मोटारीला हार, कोयत्यांना, नीलच्या त्या लॅपटॉपला, दोन्ही पंपांना—”

“दोन्ही पंपांना,” मोहनाबाई म्हणाल्या.

त्या दोन शब्दांत प्रश्न नव्हता. नयनाताईंचा हात ताटाकडे जाता जाता राहिला. आत कुठेतरी कुकरची शिट्टी झाली, आणि त्या उठल्या नाहीत.

“एक फार्मवरचा,” मोहनाबाई सावकाश म्हणाल्या. “आणि दुसरा?”

“मोहनाताई,” नयनाताई पदराचे टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, “आमचं लग्न झालं तेव्हापासून मी या घरात कशाबद्दल बोललेली नाही. आता सुरुवात कुठून करू?”

“नका करू. मी गुलाबांनाच विचारते.”

५

फार्मच्या ऑफिसात भिंतीवर पणजोबांचे तैलचित्र होते. त्याच्या खाली जनार्दनराव आणि समोर मोहनाबाई. त्यांच्या सांगण्यावरून नील आणि योगिनीलाही बोलावले होते. योगिनी दाराशी उभीच राहिली.

“अहवाल तयार?” जनार्दनरावांनी विचारले.

“जवळजवळ. ऐका, कुठे चुकते ते सांगा. विष होतं बाहेरच्या पानांवर, तेही वरच्या अंगाला. पानाखाली काही नाही, गाभ्यात काही नाही. मोकळ्या वाफ्यातल्या आणि वाटेवरच्या मुंग्या मेल्या. पाठीवर पंप घेऊन फिरणारा माणूस नुसत्या मातीवर आणि सिमेंटवर औषध उडवत बसत नाही. पीक आहे की नाही हे न बघता जे सगळीकडे सारखं पडतं, ते एकच. छतातल्या फॉगरचं पाणी.”

नीलने खुर्ची पुढे ओढली.

“फॉगर दुपारी आपोआप सुरू होतात. म्हणजे दुपारी तिथे कोण होतं, हा प्रश्नच निरर्थक ठरतो. विष टाकीत गेलं ते त्याच्या आधी, सकाळी. सकाळी काय चाललं होतं? अवजारं धुतली जात होती. कुठे? मोरीत. मोरीचं पाणी कुठे जातं, जनार्दनराव?”

जनार्दनरावांनी समोरचे कागद सरळ केले. 

“फार्मवर पंप एक. पूजेत हार पडले दोन पंपांना. दुसरा तुमच्या गुलाबांचा. बिनभोकाच्या पानांचे गुलाब मी आयुष्यात पुष्कळ पाहिलेत. त्यांतले कडुलिंबावर वाढलेले एकही नव्हते. टाकीच्या जाळीवर तेलकट थर आहे. तो मी तपासायला दिला आहे, पण मला निकालाची उत्सुकता नाही.”

“हे सगळं तर्कट झालं,” जनार्दनराव म्हणाले. आवाज मात्र कागदासारखा पातळ झाला होता. “मी त्या मुलीला पंप घेऊन जाताना पाहिलंय.”

“तेच तर. त्यामुळेच मला खात्री पटली.” मोहनाबाईंचा स्वर वर्गात हजेरी घेताना असे तसाच होता. “नवमीला स्वतःच्या चाळिशीच्या मुलानं लॅपटॉप उघडला, तर तुम्ही सगळ्यांसमोर ओरडलात. त्याच दिवशी एक नोकर मुलगी पूजेत मांडलेला, हार घातलेला पंप उचलून तुमच्या डोळ्यांदेखत घेऊन जाते, आणि तुम्ही चकार शब्द काढत नाही? फाटक बघून घरी जाता? ज्या कोणाला खोटं सांगायचं होतं त्यानं फणशांच्या घरचा रिवाज विसरून चालणार नव्हतं. तुम्ही विसरलात, कारण तुम्हाला खोटं बोलायची सवय असली तरी कोणी उलटून विचारायची सवय नाही.”

नील वडिलांकडे बघत होता. पहिल्यांदाच त्याला कोणत्या स्वरात बोलावे ते सुचत नसावे. “बाबा?”

जनार्दनरावांनी चष्मा काढून पुसला. पुसून झाल्यावरही पुसत राहिले.

“बाटली अर्धी होती,” ते शेवटी म्हणाले. “पंपाच्या पेटीतच राहिली होती, इथे आल्यावर लक्षात आलं. फार्मवर कोणाच्या नजरेस पडली असती तर... मोरीत ओतून टाकली. हात साबणानं धुतले. पूजेला बसायचं होतं. पाणी कुठे जातं ते त्या क्षणी डोक्यातच आलं नाही. दसऱ्यानंतर किडे पाहिले तेव्हा आलं.”

“पूजेसाठी शुद्धी,” मोहनाबाई म्हणाल्या. “छान.”

“चूक होती ती, मोहनाताई! कोणाच्याही हातून होईल.”

“बाटली ओतलीत ती चूक. योगिनीचं नाव घेतलंत ते त्यानंतर, शांत डोक्यानं, अहवालाची वाट बघून.”

दाराशी योगिनी होती.  तिने चौकट सोडली आणि ती सरळ उभी राहिली. काल रात्रभर जे ती स्वतःला विचारत होती त्याचे उत्तर मिळाले होते.

जनार्दनराव पुढे झुकले. आता ते मालकासारखे बोलत नव्हते, वकिलासारखे बोलत होते. “असं करू. अपघात म्हणू. तिचं नाव नको, माझंही नको. अज्ञात कारण. तिला मी आणंदला ओळखीच्या ठिकाणी लावून देतो, इथल्यापेक्षा मोठी जागा. ती तरुण आहे, लोक विसरतील. माझ्यापाशी नावाशिवाय उरलंय काय?”

मोहनाबाईंनी वर तैलचित्राकडे आणि मग खाली त्यांच्याकडे पाहिले. संताप यायला हवा होता तितका आला नाही. जो होता तो मात्र अगदी स्वच्छ होता.

“माझा अहवाल संध्याकाळी मुंबईला जाईल. त्यात तुमचं नाव असेल. तेवढ्यापुरता तुम्हाला पर्याय नाही. पर्याय आहे तो एवढाच: शेडमध्ये जे तुम्ही सगळ्यांसमोर बोललात, ते सगळ्यांसमोर परत कोण घेणार? तुम्ही, की मी?”

६

पॅकिंगच्या शेडमध्ये बायका लांब टेबलांपाशी उभ्या होत्या. काम बंद असूनही त्या रोज येत होत्या. येणे बंद केले तर कायमचे बंद होईल या हिशेबाने. जनार्दनराव आत आले तसा कलकलाट थांबला.

त्यांनी हात जोडले. “गेल्या आठवड्यात या ठिकाणी माझ्याकडून एक अनवधानात्मक विधान झालं,” ते म्हणाले. “त्यातून एका व्यक्तीच्या प्रतिष्ठेला बाधा पोहोचली. वस्तुस्थिती तशी नव्हती, हे नमूद करताना मला अतीव खेद होतो.”

उत्तम मराठी होते. व्याकरण निर्दोष, उच्चार स्वच्छ. बायकांनी एकमेकींकडे पाहिले. एक जण शेजारणीला हळूच म्हणाली, “शुं कहे छे?” शेजारणीने खांदे उडवले. वस्तुस्थिती कोणती आणि व्यक्ती कोण, हे सुभानरावांनाही समजले नसावे. जनार्दनरावांनी हात खाली घेतले. झाले, अशा अर्थाने त्यांनी मान हलवली.

“काका,” योगिनी म्हणाली. त्या दिवसातला तिचा त्यांच्याशी पहिलाच शब्द. “माझं नाव तुम्ही गुजरातीत घेतलं होतंत.”

 नीलने मान खाली घातली. जनार्दनरावांनी मोहनाबाईंकडे पाहिले. तिथून काही मिळण्यासारखे नव्हते.

“दवा में ढोळी हती,” ते म्हणाले. औषध मी ओतले होते. “पाणीनी टांकीमां गई. योगिनीबेननो कोई वांक नथी. हुं जूठुं बोल्यो हतो.” टाकीत गेले, योगिनीचा काही दोष नाही, मी खोटे बोललो.

चारच छोटी वाक्ये. ती बोलताना त्यांची पाठ पहिल्यांदाच वाकलेली दिसली. मोहनाबाई समाधानाची वाट बघत उभ्या राहिल्या. न्याय झाला की काहीतरी वाटते, असे त्यांनी पुष्कळ ठिकाणी वाचले होते.

योगिनीच्या शेजारच्या दोघीतिघींनी तिच्या दंडाला हात लावला. एकीने डोळे पुसले. पण वजनकाट्यापाशी उभी असलेली, हिरव्या साडीतली एक थोराड बाई कोणाकडेच बघत नव्हती. ती टेबलाखालच्या रिकाम्या पोत्याकडे बघत होती. मग तिने विचारले,

“तो अमे जे पान घेर लई गयां, एनुं शुं?”

मग आम्ही जी पाने घरी नेली, त्याचे काय?

 मोहनाबाईंना एकदम सगळे टेबल दिसले. गड्डा हातात घ्यायचा, बाहेरची जाड, मळकी पाने सोलून काढायची, कोवळा गड्डा खोक्यात. खोके मुंबईला. सोललेली पाने पोत्यात; ती पोती संध्याकाळी बायका वाटून घेत. कोणाच्या घरी शेळी, कोणाकडे बेसन लावून भजी. ही इथली रोजची रीत होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीही ती पाळली गेली असणार. आणि विष कुठे होते? बाहेरच्या पानांवर. हे वाक्य मोहनाबाईंनी स्वतः, मघाशीच, मोठ्या रुबाबात उच्चारले होते. नवमीला कोण कुठे होते ते त्यांनी प्रत्येकाला विचारले होते. पाने कुठे गेली, ते एकालाही नाही. विष फवारले आणि किडे मेले, एवढेच या शेडला माहीत होते; ते तोडलेल्या मालाच्या पानांवरही निघाले, हे कळून आठवडा होत आला तरी इथे कोणी सांगितले नव्हते. मालकांनी नाही, नीलने नाही, आणि दुपारभर विद्वत्ता पाजळणाऱ्या बाईंनीही नाही.

“मारी छोकरीने बे दिवस ऊलटी थई हती,” ती बाई म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. आपल्या लेकीला दोन दिवस उलट्या झाल्या, तेव्हा तिने वातावरणाला दोष दिला होता. आता ती फक्त दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघत होती.

“ते या पानांनीच असं नाही,” नील घाईघाईने म्हणाला. “प्रमाण अगदी किरकोळ—”

“तुम्हाला माहीत आहे?” योगिनीने विचारले.

नील मागे सरकला.

योगिनीने एक क्रेट ओढला आणि त्या बाईसमोर बसली. “मासी, क्यारे खाधुं? कोणे कोणे? पान धोयां हतां?” कधी खाल्ले, कोणी कोणी, पाने धुतली होती का, असे तिने विचारले आणि उत्तर येईपर्यंत थांबली. मग दुसरीला विचारले, मग तिसरीला. बायका तिच्याभोवती जमू लागल्या. कोणी शेळीचे सांगितले, कोणी म्हाताऱ्या सासऱ्याचे, कोणी म्हटले आमच्याकडे कोणाला काही झाले नाही, पण बेन, आता होईल का?

जनार्दनराव मघाच्याच जागी उभे होते. त्यांनी पुन्हा हात जोडले होते, पण त्यांच्याकडे कोणाची पाठ होती, कोणाची कूस.

मोहनाबाईंनी पर्स टेबलावर ठेवली. दाढेची सुई उतरू लागावी तसे आत काहीतरी ठसठसले. त्यांना त्याचे नवल वाटले. त्यांनी दुसरा क्रेट ओढला आणि योगिनीच्या मागे, ज्या बायकांची पाळी अजून आली नव्हती त्यांच्यासमोर बसल्या.